अश्लील काय, हे ठरवतं कोण? दिवाळी अंकातल्या एका कथेपासून मोबाइलवरच्या रीलपर्यंत

१९६२ च्या दिवाळीत ‘रंभा’ या मराठी मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ नावाची कथा छापून आली. नायक कवी, त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया आणि त्यांच्यातले प्रेमाचे, जवळिकीचे प्रसंग असा सगळा मामला. दिवाळी अंक वाचणाऱ्या तेव्हाच्या घरांत अशा कथा काही नवीन नव्हत्या. पण एका वाचकाने हा अंक वाचला आणि थेट फिर्याद ठोकली. मॅजिस्ट्रेटने आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, लेखक आणि मुद्रक-प्रकाशक दोघांना दोषी धरलं, प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि त्यांच्याकडे उरलेल्या प्रती नष्ट करायला सांगितल्या.

२५ रुपये भरून मोकळं होता आलं असतं. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. १९६९ मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी कथा अश्लील नसल्याचं सांगून शिक्षा रद्द केली. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलतायत, तरुण मुलांच्या हाती प्रेम आणि शरीरसंबंध यांचा उल्लेख असलेली कितीतरी पुस्तकं पडतात, आणि नुसत्या उल्लेखालाच अश्लील म्हणायचं ठरवलं तर निव्वळ धार्मिक पुस्तकं सोडून काही विकताच येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. एखाददुसरा वाचक बिघडेल का हे पाहायचं नसतं, ज्या वर्गाच्या हाती हे लिखाण पडतं त्या वर्गावर काय परिणाम होईल ते पाहायचं असतं, असंही कोर्टाने सांगितलं.

दिवाळी अंक ते अंतिम निकाल, सात वर्षं. या विषयातल्या इतर खटल्यांच्या मानाने हे फारच लवकर आटोपलं.

आज एखादी कविता, स्टँड-अपचा तुकडा, चित्र किंवा वेब सीरिजमधला संवाद व्हायरल झाला की कमेंटमध्ये दोन वाक्यं हमखास दिसतात: ‘हे अश्लील आहे, गुन्हा दाखल करा’ आणि ‘ही कला आहे, अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे’. दोन्ही बाजूंना वाटतं की कायदा आपल्या बाजूने अगदी स्पष्ट बोलतो. प्रत्यक्षात तो तसा बोलत नाही.

कायद्यात ‘अश्लील’ची व्याख्या आहे का?

घट्ट अशी नाही. १८६० मध्ये भारतीय दंड संहिता आली तेव्हा कलम २९२ मध्ये अश्लील पुस्तकं, चित्रं विकणं आणि वाटणं हा गुन्हा ठरला, पण अश्लील म्हणजे काय हे सांगितलंच नव्हतं. मात्र एक सवलत तेव्हापासून होती. देवळात कोरलेली वा रंगवलेली शिल्पं-चित्रं आणि देवाच्या रथावरची चित्रं या कलमातून वगळली होती. खजुराहो-कोणार्कच्या देशात इंग्रजांनाही एवढी काळजी घ्यावीच लागली. देवाच्या रथाला सूट होती, कथाकाराला नव्हती.

लेखक, चित्रकार, शास्त्रज्ञ यांच्यासाठी सवलत यायला १९६९ साल उजाडलं. त्या वर्षी संसदेने कलम दुरुस्त केलं. विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञान यांच्या दृष्टीने एखादं प्रकाशन लोकहिताचं असल्याचं सिद्ध झालं, तर कलम लागू होणार नाही, असं त्यात लिहिलं. अश्लीलतेचं थोडं वर्णनही तेव्हाच आलं. जे कामुक आहे, जे कामवासना चाळवतं, किंवा वाचणाऱ्या-पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याला बिघडवून भ्रष्ट करण्याकडे ज्याचा एकंदर कल आहे, ते अश्लील. आता यातल्या प्रत्येक शब्दाला पुन्हा व्याख्या लागते. ती प्रत्येक वेळी समोरचा न्यायाधीश करतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुनं २९२ आता कलम २९४ झालं आहे. वर्णन तेच, सवलतीही त्याच. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूर त्यात स्पष्टपणे घातला गेला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

राज्यघटनेचं काय? कलम १९(१)(अ) भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. त्याला लागूनच असलेलं १९(२) सरकारला काही कारणांसाठी वाजवी बंधनं घालू देतं, आणि त्या कारणांत ‘सभ्यता किंवा नीतिमत्ता’ आहे. त्यामुळे ‘घटनेने स्वातंत्र्य दिलंय’ एवढं म्हणून वाद संपत नाही.

कर्वे, आंबेडकर आणि २०० रुपये

कलेला आणि शास्त्राला सवलत नसताना काय होत होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मराठीतलंच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. नोकरी गेली, टिंगल झाली, मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत निघत राहिलं. त्यात लैंगिक आरोग्यावर लेख असत आणि वाचक जे प्रश्न घरात कोणालाच विचारू शकत नव्हते, त्यांना सरळ उत्तरं असत.

१९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोकांच्या मनात विकृत समजुती असतील तर त्या ज्ञानानेच जातील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कोर्टाला तो पटला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

आज हेच प्रश्न वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि डॉक्टरांच्या यूट्यूब चॅनलवर रोज येतात. बाबासाहेबांचा युक्तिवाद पस्तीस वर्षांनी कायद्यात सवलत म्हणून आला. कर्व्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

न्यायाधीश कोणत्या वाचकाचा विचार करत?

कायद्यात व्याख्या नसल्याने भारतीय कोर्टांनी इंग्लंडमधली एक कसोटी उचलली. १८६८ मधला हा खटला ‘हिकलिन’ नावाने ओळखला जातो. हेन्री स्कॉट नावाचा माणूस रोमन कॅथलिक पाद्र्यांच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करणारी पुस्तिका विकत होता. नफ्यासाठी नाही, मूळ किमतीला. त्याचा हेतू प्रामाणिक होता, हे कोर्टालाही मान्य होतं. पण मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी हेतू बाजूला ठेवला. ज्यांची मनं अशा प्रभावाला सहज बळी पडतात, अशांच्या हाती हा मजकूर पडला तर तो त्यांना बिघडवील का, हा त्यांचा प्रश्न होता.

म्हणजे कसोटी सगळ्यात कच्च्या मनाच्या वाचकाची. शिवाय पूर्ण पुस्तकातून चार ओळी उचलून त्यांच्यावर निकाल देण्याची वाट या कसोटीने मोकळी केली. शाळकरी मुलाच्या हाती पडलं तर काय होईल, एवढाच प्रश्न विचारायचा ठरला, तर मोठ्यांसाठी लिहिलेलं फारसं काही उरत नाही.

ही कसोटी स्वतंत्र भारतात पक्की झाली ती मुंबईतल्या एका पुस्तकाच्या दुकानामुळे. ‘हॅपी बुक स्टॉल’च्या भागीदारांपैकी एक होते रणजित उदेशी. पोलिसांनी १९५९ मध्ये बनावट गिऱ्हाईक पाठवून तिथून डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकत घेतली, काटछाट न केलेली प्रत. भागीदारांना प्रत्येकी २० रुपये दंड झाला. बचावासाठी साक्ष द्यायला मुल्कराज आनंद यांच्यासारखा लेखक आला, कादंबरीचं वाङ्मयीन मोल त्यांनी समजावून सांगितलं. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी शिक्षा कायम ठेवली. कलम २९२ घटनेला धरून आहे, हिकलिनची कसोटी टाकून देण्याचं कारण नाही, आणि दुकानदाराला पुस्तक अश्लील असल्याचं ठाऊक होतं हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करायची गरज नाही, असे मुद्दे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या निकालात होते. कलेला थोडी जागा होती. अश्लील भाग झाकोळून जाईल इतकी कला वरचढ असेल, तर गोष्ट वेगळी. लॉरेन्सच्या बाबतीत तसं नाही, असं कोर्टाला वाटलं.

गंमत अशी की याच पुस्तकाच्या प्रकाशकाला इंग्लंडमध्ये ज्यूरीने १९६० मध्येच निर्दोष सोडलं होतं. इंग्रजांनी स्वतःचा कायदा १९५९ मध्ये बदलला. आपण त्यांचा टाकलेला कोट त्यानंतरही बरीच वर्षं घालून होतो.

कसोटी कधी बदलली?

हळूहळू. ‘शामा’च्या निकालात बदलाची चाहूल होती. पुढे समरेश बसू यांच्या ‘प्रजापती’ या बंगाली कादंबरीचं प्रकरण आलं. ती १९६७ मध्ये ‘देश’च्या शारदीय अंकात छापली गेली, खालच्या कोर्टांनी तिला अश्लील ठरवलं, आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लेखकाला सोडलं. या निकालाने एक फार उपयोगी फरक केला. ग्राम्य, शिवराळ, किळसवाणं लिखाण वेगळं आणि अश्लील लिखाण वेगळं. पहिल्याने वाचक अस्वस्थ होईल, त्याला शिसारी येईल, पण म्हणून तो भ्रष्ट होत नाही. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या जागी उभं राहून त्याला काय सांगायचंय ते पाहावं, मग वेगवेगळ्या वयाच्या वाचकांच्या जागी, असंही कोर्टाने सुचवलं.

हिकलिनला निरोप मात्र २०१४ मध्ये मिळाला. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू बार्बरा यांचा एकत्र नग्न फोटो जर्मनीतल्या ‘श्टर्न’ने छापला होता. फोटो बार्बराच्या वडिलांनीच काढलेला. दोघांच्या कातडीचे रंग वेगळे, आणि वर्णद्वेषाला विरोध हा त्यामागचा संदेश. तो फोटो १९९३ मध्ये कोलकात्याच्या ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ने आणि मग ‘आनंदबाजार पत्रिके’ने छापला. एका वकिलाने तक्रार केली. सुप्रीम कोर्टाने २१ वर्षांनी प्रकरण रद्द केलं आणि स्पष्ट सांगितलं की यापुढे हिकलिन नाही. आजच्या समाजातल्या सर्वसाधारण माणसाची नजर, पूर्ण कलाकृती आणि तिचा संदेश या तीन गोष्टी पाहायच्या. नग्नता आहे म्हणून चित्र आपोआप अश्लील नाही.

वाचायला हे सगळं छान आहे. पण आजच्या समाजातला सर्वसाधारण माणूस म्हणजे कोण? दादरचा, गडचिरोलीचा की गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन? त्याचं मत कोर्टाला कसं कळणार? जनमत चाचणी कोणी घेत नाही. न्यायाधीश आपल्या अंदाजाने ठरवतात. हिकलिनपेक्षा हे शंभरपटीने बरं असलं, तरी अंदाज तो अंदाजच.

‘गांधी मला भेटला’ : आदरणीय व्यक्तींसाठी वेगळा काटा

हा अंदाज कसा घसरू शकतो, ते पुढच्याच वर्षी दिसलं. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता बरीच आधीपासून मराठी वाचकांत फिरत होती. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, फक्त सभासदांसाठी निघणाऱ्या अंकात ती छापली गेली. कवितेतले गांधी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांत भेटतात आणि त्यांच्या तोंडी रस्त्यावरची भाषा आहे. गांधींच्या नावाने चाललेल्या ढोंगाचा हा उपहास आहे, असं कवितेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं. तक्रार झाली, लातूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात प्रकरण उभं राहिलं. दोन गटांत तेढ लावल्याचा आरोप गळाला, अश्लीलतेचा राहिला.

मे २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. कसोटी तीच, आजच्या समाजाच्या मापाची. पण ज्यांच्याबद्दल देशाला ऐतिहासिक आदर आहे अशा व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले, तर ती कसोटी जास्त कडकपणे लावायची, असं कोर्ट म्हणालं. गांधींवर टीका करायला मोकळीक आहे, त्यांच्या विचारांची चिरफाड करता येईल, पण त्यांच्या नावाचा आणि तोंडचा असा वापर वेगळा, असा तो फरक. अंक काढणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी माफी मागितली होती, म्हणून त्यांना मोकळं केलं. कवीला मात्र खटल्याला तोंड द्यायला सांगितलं. कविता अश्लील आहे असा निकाल कोर्टाने स्वतः दिला नाही, ते खालच्या कोर्टावर सोडलं.

कलम २९२ पुन्हा वाचलं तर त्यात ‘आदरणीय व्यक्ती’ हे शब्द कुठेच सापडत नाहीत. अश्लीलतेचा कायदा कामवासना चाळवण्याबद्दल आहे, अनादराबद्दल नाही. ही कविता वाचून कोणाची वासना चाळवेल असं म्हणणं तिच्या विरोधकांनाही जड जाईल. त्यांचा राग अपमानाचा आहे, आणि अपमानाच्या रागाला अश्लीलतेच्या कलमात बसवलं की कलमाचा अर्थच सैल होतो. या निकालावर कायद्याच्या अभ्यासकांनी घेतलेला मुख्य आक्षेप हाच आहे.

जहांगीरमधून कस्टमच्या गोदामात

चित्रकलेच्या बाबतीत मुंबईने एक वर्तुळ पूर्ण केलं आहे. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत तरुण अकबर पदमसी यांचं प्रदर्शन लागलं होतं. प्रेमी युगुलाची दोन चित्रं पोलिसांना खटकली, काढा म्हणाले. पदमसींनी नकार दिला आणि खटला ओढवून घेतला. मॅजिस्ट्रेटने निर्दोष सोडलं, सरकार अपिलात गेलं, हायकोर्टातही पदमसीच जिंकले.

२०२३ मध्ये मुंबईच्या कस्टम खात्याने लंडनहून आलेल्या सात कलाकृती अडवल्या. चार रेखाचित्रं मूळच्या गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची, उरलेल्या तीन कलाकृती याच अकबर पदमसींच्या. कारण नग्नता. तज्ज्ञांची मतं पुढे ठेवूनही जुलै २०२४ मध्ये जप्तीचा आदेश निघाला, वर पन्नास हजारांचा दंड. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून कलाकृती परत द्यायला सांगितल्या. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, आणि ही गोष्ट एका अधिकाऱ्याने आपल्या खासगी मतावर ठरवायची नसते, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. तोवर पदमसी हयात नव्हते. सूझा तर कधीच गेले होते.

मकबूल फिदा हुसेन यांची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. पंढरपुरात जन्मलेल्या, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत मोठ्या झालेल्या या चित्रकारावर ‘भारतमाता’ म्हणून गाजलेल्या नग्न आकृतीच्या चित्रावरून आणि इतर चित्रांवरून देशभर ठिकठिकाणी तक्रारी झाल्या. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या चित्राची प्रकरणं रद्द केली. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. इंटरनेटवर टाकलेलं चित्र कुठूनही दिसतं, म्हणून कुठल्याही गावातून तक्रार करता येते, आणि कलाकाराला देशभर फिरवता येतं. मॅजिस्ट्रेटने समन्स काढण्याआधी नीट पारखून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. निकाल हुसेन यांच्या बाजूने लागला, पण ते २००६ मध्येच देश सोडून गेले होते. परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये लंडनमध्ये वारले.

नाटकाला आधी परवानगी, पुस्तकाला नाही

पुस्तक छापायला किंवा चित्र टांगायला कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही, तक्रार नंतर होते. सिनेमाला १९५२ च्या कायद्याने सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात नाटकालाही लागतं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते, आणि या व्यवस्थेचं मूळ पोलीस कायद्यात आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला १९७२ मध्ये याच मंडळाने अडवलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. लालन सारंग यांची चंपा आज मराठी रंगभूमीच्या अभिमानाच्या गोष्टींत मोजली जाते.

मोबाइलवर कोणतं कलम लागतं?

ऑनलाइन मजकुरावर प्रामुख्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागतं. त्यातली भाषा जुन्या २९२ मधूनच घेतली आहे, शिक्षा मात्र जास्त आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृतीचं चित्रण असेल तर ६७अ, म्हणजे पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ६७ जामीनपात्र आहे, ६७अ अजामीनपात्र. म्हणून तक्रार करणारे बऱ्याचदा ६७अ लावायचा आग्रह धरतात. कथा तीच असली तरी कागदावर छापली तर दंड पाच हजारांपर्यंत आणि पोस्ट केली तर पाच लाखांपर्यंत, हे जरा विचित्रच आहे.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, कलम फक्त बनवणाऱ्यापुरतं नाही. ‘प्रसारित करणं’ आणि ‘तसं करवणं’ हेही त्यात आहे, त्यामुळे फॉरवर्ड करणारा आपोआप बाहेर राहत नाही. दुसरी, साहित्य-कला-विज्ञानाची सवलत ऑनलाइनलाही आहे. ती कलम ६७ब च्या परंतुकात असल्याने फारशी कोणाच्या नजरेला पडत नाही, इतकंच. मुलांच्या लैंगिक चित्रणाचा विषय यात मिसळू नये. त्याला ६७ब आणि पॉक्सो आहेत, आणि तिथे कायदा मुद्दामच कठोर आहे.

शिव्यांचं काय? ‘कॉलेज रोमान्स’ या वेब सीरिजमधल्या भाषेवरून दिल्लीत तक्रार झाली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आपल्याला चेंबरमध्ये इअरफोन लावून भाग पाहावे लागले असं नमूद केलं आणि गुन्हा नोंदवण्याचा आदेश कायम ठेवला. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. शिवीचा शब्दशः अर्थ घेऊन ती लैंगिक मजकूर ठरवता येत नाही. माणूस रागात, वैतागात, गमतीत असे शब्द वापरतो, त्याने वासना चाळवत नाही. शिवराळ म्हणजे अश्लील नव्हे, हा १९८५ चाच मुद्दा.

तरीही वर्षभरात ‘इंडियाज गॉट लेटेंट’ प्रकरण घडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रणवीर अलाहाबादिया यांच्या एका विधानावरून वेगवेगळ्या राज्यांत गुन्हे दाखल झाले. सुप्रीम कोर्टाने त्यांना कडक शब्दांत झापलं, अटकेपासून संरक्षण दिलं आणि पासपोर्ट जमा करायला लावला. विनोद बेचव होता की नाही यावर वाद नव्हताच. बेचव विनोद गुन्हा होतो का, हा प्रश्न होता.

तक्रार झाली तर पुढे काय?

तक्रार कोणीही करू शकतं. त्या माणसाचं स्वतःचं काही नुकसान झालेलं असावं लागत नाही. गुन्हा दखलपात्र असल्याने पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. फोन, लॅपटॉप जप्त होऊ शकतात, आणि कलाकाराच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याचं सगळं काम त्यातच असतं. मग जामीन, मग तारखा. कलेची सवलत आहे, पण ती ‘सिद्ध’ करायची जबाबदारी आरोपीवर, आणि ती साधारणपणे खटल्यात, पुरावे आणि तज्ज्ञ उभे करून. त्याआधी सुटायचं असेल तर गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्ट गाठावं लागतं. मोठ्या प्रकाशनसंस्थेला, ओटीटी कंपनीला हा खर्च झेपतो. जिल्ह्याच्या गावातल्या कवीला किंवा पन्नास हजार फॉलोअर असलेल्या एकट्या चित्रकाराला तो झेपेलच असं नाही. तो पोस्ट काढून टाकतो, माफीचा व्हिडिओ टाकतो. अशा माघारीची नोंद कुठल्याच कोर्टाच्या निकालपत्रात होत नाही.

मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांची १९९५ मधली बुटांची जाहिरात, दोघांच्या नग्न शरीरांना अजगराचा विळखा असलेली, आजही मीम म्हणून फिरते. त्या प्रकरणात मुंबईच्या कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं ते २००९ मध्ये, १४ वर्षांनी. बेकरच्या फोटोला २१ वर्षं लागली. ‘गांधी मला भेटला’ १९९४ मध्ये त्या अंकात छापली गेली, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१५ मध्ये आला, म्हणजे तिथेही २१ वर्षं. फरक एवढाच की बेकरच्या फोटोचं प्रकरण त्या निकालाने संपलं, आणि गुर्जरांच्या कवितेचं प्रकरण पुन्हा लातूरच्या मॅजिस्ट्रेटपुढे, सुरुवातीला.